अडलेली तिसरी कळ

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद हातात घेतला.

सरांना जाऊन महिना होत आला. त्या दिवशी मी आलो, जिन्यात उभा राहिलो आणि संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी परत निघालो. तुझ्याशी धड बोलणंही झालं नाही. गर्दीच तेवढी होती. तुझ्या वडिलांनी अर्ध्या शहराला ट्रम्पेट वाजवायला शिकवला आणि उरलेल्या अर्ध्याला तो सहन करायला, असं मी नेहमी म्हणतो. त्या दिवशी दोन्ही अर्धे आले होते.

आता कामाचं. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी समिती केली आहे. अध्यक्ष मी. हसू नकोस, कुणीतरी व्हायलाच हवं होतं आणि बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी संगीत शाळेच्या सभागृहात सरांच्या आठवणीचा कार्यक्रम करायचा. भाषणं कमी, जॅझ जास्त. शेवटी सगळे विद्यार्थी मिळून सरांची ‘जिना’ वाजवणार. त्यांनी बांधलेल्या धुनांत तीच मला सगळ्यांत वरची वाटते, आणि माझं नाव झालं तेही तिच्यावरच.

आणि मुख्य गोष्ट. सभागृहाच्या दारात काचेचं कपाट करायचं, आत मखमलीवर सरांचा ट्रम्पेट, वरून छोटा दिवा. सुताराशी बोलणं झालं आहे. ट्रम्पेट तुझ्याकडे आहे, तेवढा पाठवून दे.

वर्ग बंद पडला याचं मात्र वाईट वाटतं. टायरच्या दुकानावरची ती खोली, तो रबराचा वास. पण सरांशिवाय तिथे शिकवणार कोण? निदान त्यांचं वाद्य तरी लोकांच्या डोळ्यांसमोर राहील.

तुझा,
भोंगा
(हे नाव सरांनी ठेवलं होतं. आता पोस्टरवरही हेच छापतात.)


१५ फेब्रुवारी

अरे भोंग्या,

फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, पत्रात निदान माझी पाळी येते.

अध्यक्ष झालास, छान झालं. लपाछपीत राज्य आलं तरी खूश होणारा तू एकटाच होतास, तेव्हा मला नवल वाटलं नाही. कार्यक्रम कर आणि दणक्यात कर. पियानोवर मी बसेन.

पण कपाटाचं नाव काढू नकोस. काचेचा धंदा माझा आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर काचा चढवते, त्या नीट दिसावं म्हणून. तुझी काच कुणाचा हात लागू नये म्हणून आहे. बाबांनी तो ट्रम्पेट पेटीत ठेवला तो फक्त प्रवासात. एरवी खुर्चीवर, खिडकीत, एकदा तर फ्रीजवर पडलेला असायचा.

दुसरं म्हणजे वर्ग बंद पडला असं तुला कोणी सांगितलं? शनिवारी दुपारी दुकान बंद केलं की मी घेते. बाबा आजारी पडले तेव्हापासून घेते आहे. मला फुंकता येत नाही हे खरं. पण पियानोवर एकच ओळ दोन तऱ्हांनी वाजवते आणि विचारते, ‘पहिलं बरं की दुसरं?’ दुकानात भिंग बदलून विचारते तसंच. माणसं बरोबर सांगतात. आपल्याला काय बरं ऐकू येतंय हे ज्याचं त्याला कळत असतं, विचारायला कोणी जात नाही एवढंच.

बाबांनी घेतलेला शेवटचा विद्यार्थी म्हणजे आमचे ड्रायव्हरकाका. जन्म शहराच्या बसवर गेला, आता निवृत्त झालेत. जिना चढून आले की आधी खुर्चीत बसून श्वास गोळा करतात आणि मग म्हणतात, ‘हं, सोडा गाडी.’ त्यांच्याकडे स्वतःचं वाद्य नाही. बाबांचा ट्रम्पेट मी त्यांना देणार आहे.

त्याआधी तो दुरुस्तीला टाकलाय. ती तिसरी कळ आठवते ना? ट्रम्पेटला मुळात तीनच कळा, त्यातली एक अशी हटवादी. दाबली की वर यायचं नाव नाही. ‘जिना’त मधेच बाबांना थांबावं लागायचं. ते ट्रम्पेट झटकायचे, ‘अडली बघ मेली’ म्हणायचे आणि मग पुढे निघायचे. तुम्ही सगळ्या शहाण्यांनी धुनेबरोबर तो थांबाही पाठ करून टाकलात. ज्यांच्या कळा धडधाकट तेही तिथे येऊन थांबतात, हे ऐकून आतल्या खोलीत मला हसू आवरायचं नाही. काकांना मी ‘जिना’ न थांबता शिकवते आहे. त्यांच्यामागे ही भानगड नको.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मिळताच दुरुस्तीच्या दुकानात जा आणि ट्रम्पेट आहे तसा परत घेऊन ये.

‘जिना’तला थांबा कळेमुळे? अगं, मी त्या थांब्यावर व्याख्यानं दिली आहेत. जिना उतरणारा माणूस मधल्या वळणावर क्षणभर थांबतो आणि वर बघतो, कारण ज्याचा निरोप घेतला तो अजून दारात उभा असेल असं त्याला वाटतं. तो हा थांबा. हे ऐकून लोकांनी डोळे पुसलेले मी पाहिले आहेत. दूरदूरच्या वादकांनी माझ्या मागे लागून तो शिकून घेतला. आता त्यांना काय कळवू? माफ करा, तेल कमी पडलं होतं म्हणून?

तू सरांची मुलगी आहेस, मान्य. पण तू आतल्या खोलीत होतीस. मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

ड्रायव्हरकाकांना वाद्य हवं असेल तर माझ्याकडे एक जास्तीचा ट्रम्पेट आहे, तो देतो. सरांचा कपाटात जाणार. समितीचा तसा ठराव झाला आहे.

भोंगा


६ मार्च

भोंग्या,

तुझं पत्र यायच्या आधीच ट्रम्पेट घरी आला होता. फणफणू नकोस, पुढे वाच. तुझ्याच फायद्याचं आहे.

कारागिराने माझ्यासमोर तिसरी कळ दाबून सोडली. टुणकन वर आली.

मी म्हटलं, ‘छान दुरुस्त केलीत.’

‘मी काहीच केलं नाही. पुसून दिलाय फक्त.’

‘पण अडायची ना ती?’

‘कोण म्हणतं?’

‘बाबा म्हणायचे.’

‘माझ्याकडे ते दर वर्षी साफ करायला आणायचे. कळेची तक्रार कधीच नाही केली. उलट म्हणायचे, तुमच्या हाताला गुण आहे, तिन्ही लोण्यासारख्या चालतात.’ एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. मी भांडायला आलेय असं त्याला वाटलं असावं. थोडी आलेही होते.

माझ्या दुकानात कधी कधी असं होतं. माणूस म्हणतो दिसत नाही, आणि तपासावं तर डोळे ठणठणीत. अशा वेळी मी भिंगं बाजूला ठेवते आणि विचारते, घरी सगळं ठीक आहे ना? दुखणं डोळ्यात नसतं, दुसरीकडेच कुठेतरी असतं.

तर थांबा कळेचा नव्हता. हे तू जिंकलास, घे. पण ‘अडली बघ मेली’ हे मी माझ्या कानांनी वर्षानुवर्षं ऐकलंय. बाबांना खोटं बोलणं कधी जमलं नाही. साखर खाल्ली नाही म्हणायचे तेव्हा ती मिशीवर असायची. मग ह्या एकाच बाबतीत एवढी वर्षं कसं जमवलं? मी ठोकेकाकांना विचारणार आहे. बाबांच्या मागे ड्रमवर ते तुझ्यामाझ्या आधीपासून. सध्या मुलाकडे गेलेत, महिनाअखेरीस येतील.

आणि तुझा जास्तीचा ट्रम्पेट तुझ्याकडेच राहू दे. त्यांच्या शेवटच्या शनिवारी बाबा उशीला टेकून बसले आणि त्यांनी आपला ट्रम्पेट स्वतः ड्रायव्हरकाकांच्या हातात दिला. ‘ह्याच्यावर शिका,’ म्हणाले, ‘ह्याला सवय आहे.’ कशाची सवय ते मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायचं राहून गेलं. पण शब्द बाबांचा आहे. समितीने शंभर ठराव केले तरी मी तो मोडणार नाही.

ताई


१७ मार्च

प्रिय ताई,

मी सांगत होतो की नाही? तुझं पत्र मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि नंतर आमच्या पियानोवाल्यालाही वाचून दाखवलं. कारागिराला माझ्यातर्फे धन्यवाद सांग. सत्यासाठी माणसाने फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नये.

तू विचारतेस, मग सर कळेला शिव्या का द्यायचे? सोपं आहे. मोठा माणूस आपला विचार झाकून ठेवतो. ‘इथे मी निरोपाचं दुःख दाखवतो आहे’ असं सर चारचौघांत म्हणाले असते का? त्यापेक्षा कळेवर ढकललेलं बरं. मला तर अजून चित्र दिसतं. खिडकीपाशी मी त्यांच्या उजव्या हाताला उभा. तेव्हा मला दमा होता, तुला आठवत असेल, आता त्याचं नावही उरलं नाही. धून मधल्या वळणावर यायची, सर ट्रम्पेट खाली घ्यायचे, झटकायचे, कळेला फुंकर मारायचे, अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखे. मग माझ्याकडे बघून भुवई उडवायचे आणि आम्ही दोघं एकदम पुढची ओळ धरायचो. त्या बघण्यात केवढं होतं! व्याख्यानात ते सांगताना माझा आवाज दर वेळी जड होतो.

आता वाद मिटला, तर ट्रम्पेटचंही मिटवून टाकू. असा थांबा निर्माण करणारं वाद्य रोज बस पकडल्यासारखं कुणीही उचलावं, हे मला पटत नाही. काकांबद्दल राग नाही. पण सरांनी आजारात भावनेच्या भरात काही म्हटलं असेल, ते धरून बसू नये. सुताराचं कपाट तयार झालं आहे. दिवाही लागतो, मी लावून बघितला.

भोंगा


२ एप्रिल

भोंग्या,

हे पत्र बसून वाच.

ठोकेकाका काल दुकानात आले, चष्म्याची दांडी बसवून घ्यायला. मी दांडी बसवता बसवता सहज विचारलं, ‘काका, बाबांच्या ट्रम्पेटची तिसरी कळ नक्की काय होती हो?’

ते एवढे हसले की दांडी पुन्हा निघाली.

‘कळ? कसली कळ? ते भोंग्यासाठी होतं.’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘अगं, ते पोरगं जिना चढून यायचं तेच अर्धमेलं होऊन. त्याची छाती आमच्या बँडपेक्षा जोरात वाजायची. धून मधल्या वळणावर आली की ह्याचा श्वास संपलेला. पहिल्यांदा झालं तेव्हा बाकीची पोरं फिदीफिदी हसली. ह्याने मुकाट्याने वाद्य पेटीत भरलं आणि घरी निघून गेला. पुढच्या शनिवारपासून तुझ्या बापाची कळ अडायला लागली.’

मी निघालेली दांडी पुन्हा हातात घेतली. काका पुढे म्हणाले, ‘मला तर दम भरून ठेवला होता. तिथे ठोका वाजवलास तर काठ्या मोडून हातात देईन. आम्ही सगळे गप्प, तुझा बाप कळेशी झटापट करतोय, आणि ते पोरगं शेजारी सुईंसुईं करत हवा भरून घेतंय. पुरेशी भरली की तुझा बाप भुवई उडवायचा, की आम्ही निघालो.’

‘आणि तो बरा झाल्यावर?’

‘झाल्यावर काय? तोवर सगळ्यांना सवय लागली होती. आणि वर्गात कुणी ना कुणी धापा टाकणारा असायचाच. एक गेला की दुसरा. तेव्हा कळ आपली अडतच राहिली.’

ह्याला सवय आहे म्हणजे कशाची, ते मला काल कळलं.

आधी मला राग आला. पोटची मुलगी मी, आणि मला कळ अडते म्हणून सांगितलं. इतकी वर्षं आतल्या खोलीत बसून मी हसत होते, आणि बाबा मला हसू देत होते. मग दुकान लवकर बंद केलं, वर्गाच्या खोलीत गेले, पियानोवर डोकं टेकलं तर सगळे सूर एकदम कोकलले. बाबांची इतकी आठवण ते गेल्यापासून मला आली नव्हती.

तुझ्या व्याख्यानात एक दुरुस्ती कर. जिना उतरणारा माणूस वर बघत नव्हता. वरचा माणूस खाली बघत होता, तू चढून येईपर्यंत.

आता कपाटाचं काय करायचं ते लिही. मी हट्ट करत नाही. तुझं उत्तर आलं की ठरवू.

ताई


१९ एप्रिल

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. मला शब्द सुचले नाहीत असं लिहिलं तर तुझा विश्वास बसणार नाही, पण तसंच झालं.

तुझं पत्र वाचून काही दिवस मी वाद्याला हात लावला नाही. मग एका सकाळी खोलीचं दार लावून ‘जिना’ न थांबता वाजवून बघितली. चांगली आहे गं. सरळ, देखणी धून आहे. मग थांबून वाजवली. वळणावर ट्रम्पेट खाली घेतला आणि त्या शांततेत मला माझी लहानपणची छाती ऐकू आली. मी रडलो, ताई. हे समितीला सांगू नकोस.

पेटी भरून घरी गेलो होतो तो शनिवार मला आठवतो. पुन्हा जायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या शनिवारी सर टायरच्या दुकानासमोर उभे होते, मला म्हणाले, ‘वर चल जरा, माझी कळ बिघडली आहे, एकट्याने वाजवायला लाज वाटते.’ आणि मी त्यांना आधार द्यायला म्हणून गेलो. आजपर्यंत मला वाटत होतं की त्या दिवशी मी त्यांच्या उपयोगी पडलो.

कपाट रद्द. सुताराने विचारलं, आता ह्याचं काय करू? म्हटलं, शाळेतल्या मुलांच्या छत्र्या ठेवा. ओल्या छत्र्यांवर दिवा छान दिसेल. ट्रम्पेट ड्रायव्हरकाकांचा. सरांनी भावनेच्या भरात म्हटलं असेल असं मी लिहिलं होतं, ती ओळ खोडून टाक.

एकच प्रश्न उरतो. कार्यक्रमात थांबा ठेवायचा की नाही? आता आम्हा सगळ्यांना श्वास पुरतो. व्याख्यानं देऊन गाजवलेला थांबा ठेवायला मला संकोच वाटतो, आणि काढायला हात धजत नाही. पहिलं बरं की दुसरं? ह्या वेळी मला सांगता येत नाही. तू सांग.

आदल्या दिवशी माझा बाहेरगावी कार्यक्रम आहे, तो आटोपून मी थेट सभागृहात येईन. तालीम माझ्याविना करा.

तुझा,
भोंगा


३ मे

अरे भोंग्या,

पोहोचलास ना नीट? कार्यक्रम संपल्यावर तुझ्याभोवती एवढा घोळका झाला की माझी पाळी पुन्हा आलीच नाही. म्हणून हे पत्र.

तुझ्या प्रश्नाला मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. तालमीतही ‘जिना’ वाजवू दिली नाही, आणि कळेची गोष्ट कुणाला सांगितली नाही. ठोकेकाकांनाही गप्प बसवलं. म्हटलं, ज्याला जे बरं वाटेल ते तो करील. फक्त ड्रायव्हरकाकांची धास्ती होती. त्यांना मी न थांबता शिकवलेलं. ही सगळी फौज सवयीने थांबली, तर ते एकटेच भोंगा वाजवत पुढे जातील आणि भर सभागृहात लोक हसतील. आधी बजावायला हवं होतं, पण तोवर पडदा वर गेला.

तू डोळे मिटून उभा होतास, त्यामुळे तुला काहीच दिसलं नाही. मला पियानोवरून सगळं दिसत होतं. तू मधोमध, तुझ्या उजव्या हाताला काका, बाबांचा ट्रम्पेट घेऊन, इस्त्रीच्या शर्टात. वळण आलं. तू थांबलास. तुझ्या मागची सगळी रांग थांबली. ठोकेकाकांनी काठ्या वर धरून ठेवल्या. मी ड्रायव्हरकाकांकडे बघत होते. जिना चढून आले नव्हते, चांगले ताजेतवाने होते, छाती भरलेली, ट्रम्पेट ओठांना, बोट तिसऱ्या कळेवर. आता वाजवतात, आता वाजवतात, असं मला वाटत होतं.

त्यांनी वाजवलं नाही. ट्रम्पेट थोडा खाली घेतला, तुझ्याकडे वळून बघितलं, आणि उभे राहिले. तुझा खांदा हलला तेव्हा त्यांनी ओळ धरली, तुझ्याबरोबर, बिनचूक. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मी पियानोखाली पेडल शोधतेय असं दाखवून डोळे पुसत होते.

शनिवारी ते वर्गाला आले. ट्रम्पेट रुमालात गुंडाळून आणतात, लहान मूल आणावं तसा. खुर्चीत बसून श्वास गोळा केला. मी विचारलं, ‘काका, तुम्हाला तर थांबा शिकवलाच नव्हता. मग त्या दिवशी का थांबलात?’

ते म्हणाले, ‘पुढची गाडी थांबली की मागच्याने हॉर्न वाजवायचा नसतो, ताई. म्हटलं, ह्यांच्यातल्या कुणाला तरी दम लागला असेल. घेऊ दे.’

ताई